अपतर्पणाची मात्रा : मेटाबॉलिक सिंड्रोममधील मंद शोथ आणि अल्प उष्मांकाचा आहार

संतर्पणोत्थ व्याधींचा रुग्ण आज आपल्याकडे येतो तो बहुधा रिपोर्टची फाईल घेऊनच. उपाशीपोटी साखर ११२, ट्रायग्लिसराइड २१०, एचडीएल ३४, रक्तदाब १३८/८८ आणि यकृतात मेद साठल्याचा सोनोग्राफीचा शेरा. अलीकडे या फाईलमध्ये आणखी एक कागद आढळतो, तो हाय सेन्सिटिव्हिटी सी-रिॲक्टिव्ह प्रोटीनचा, म्हणजे एचएस-सीआरपीचा. आकडा ३ च्या वर असला की रुग्ण विचारतो, "डॉक्टर, शरीरात आतून सूज आहे म्हणतात. ती उतरवणारे काही आयुर्वेदिक औषध द्या." औषध लिहून देण्यापूर्वी त्याच्या आहाराचा विचार कोणत्या पद्धतीने करावा, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. अपतर्पण हे या व्याधीचे चिकित्सासूत्र आहे याबद्दल वैद्यवर्गात दुमत नाही. दुमत, आणि पुष्कळदा हयगय, आहे ती मात्रेबाबत.

व्याधीचे स्वरूप

१९८८ साली रीव्हन यांनी 'सिंड्रोम एक्स' ही कल्पना मांडली तेव्हा तिच्या केंद्रस्थानी इन्सुलिनला पेशींनी दिलेला अपुरा प्रतिसाद होता. स्थूलतेचा त्यांनी त्यात समावेश केला नव्हता, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. २००१ च्या अमेरिकन निकषांनी पोटाचा घेर, ट्रायग्लिसराइड, एचडीएल, रक्तदाब व उपाशीपोटीची साखर या पाचांपैकी तीन बाबी बिघडल्या तर मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणावे असे ठरवले. २००५ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने वंशपरत्वे घेराच्या वेगळ्या मर्यादा दिल्या. आपल्या लोकांसाठी त्या पुरुषांत ९० सें.मी. व स्त्रियांत ८० सें.मी. आहेत. घेर मोजताना टेप शेवटची बरगडी व कटिअस्थीचा वरचा कंगोरा यांच्या मध्यावर धरावी आणि श्वास सोडल्यावर आकडा वाचावा. पँटच्या पट्ट्याच्या मापावर विसंबू नये. पट्टा पोटाखाली घसरलेला असतो.

भारतीय रुग्णाची विशेष अडचण पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी जगापुढे आणली. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी व लंडनच्या युडकिन यांनी स्वतःचीच मापे प्रसिद्ध केली. दोघांचाही बीएमआय २२.३. परंतु युडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के निघाला. हातपाय बारीक, वजन बेताचे, आणि मेद मात्र दुपटीहून अधिक. असा रुग्ण आपल्या दवाखान्यात रोज येतो. वजनकाटा त्याला निरोगी ठरवतो.

चरकसंहितेने प्रमेहचिकित्सेत स्थूल-बलवान आणि कृश-दुर्बल असे दोन रुग्ण वेगळे मानले व पहिल्याला संशोधन, दुसऱ्याला बृंहण सांगितले. वरील रुग्ण या दोहोंपैकी कोणत्या कप्प्यात बसतो? माझ्या मते तो मेदाच्या दृष्टीने स्थूल आणि मांसाच्या दृष्टीने कृश असतो. त्याला सरसकट लंघन दिले तर मेदाआधी मांस झिजते. पाठ्यपुस्तकातील अतिस्थूल डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेला आहाराचा कागद त्याच्या हाती देणे म्हणूनच धोक्याचे ठरते.

शोथ कसला?

प्रथम शब्दाचा विचार करावा लागतो. दाह म्हणावे तर रुग्णाला आग जाणवत नाही. शोथ म्हणावे तर उत्सेध दिसत नाही. तरीही 'शोथहर' हा शब्द आपल्या व्यवहारात रुळलेला असल्याने या लेखात 'मंद शोथ' असेच म्हटले आहे.

१९९३ मध्ये होतामिस्लिगिल व सहकाऱ्यांनी स्थूल प्राण्यांच्या मेदधातूत टीएनएफ-अल्फा हे शोथकारक द्रव्य तयार होते व ते इन्सुलिनच्या कार्यात अडथळा आणते, असे दाखवले. २००३ मध्ये दोन स्वतंत्र गटांना असे आढळले की स्थूलतेत मेदधातूमध्ये मॅक्रोफेज पेशींची गर्दी होते आणि शोथकारक द्रव्यांचा मोठा भाग याच पेशींकडून येतो. या धातूतून निघालेले इंटरल्यूकिन-६ यकृताला चेतवते व यकृत सीआरपी तयार करते. म्हणजे रक्तात आपण जो आकडा मोजतो तो यकृताचा, पण त्याची कळ पुष्कळदा पोटातील मेदाकडे असते. मेद ही केवळ साठवणीची कोठी नसून इतर धातूंच्या पोषणात अडथळा आणणारी वस्तू आहे, हा आपला जुना सिद्धांत यामुळे नव्या विद्यार्थ्याला समजावणे सोपे जाते.

मात्र येथे एक मोह टाळला पाहिजे. वाढलेला सीआरपी म्हणजे आम, असे समीकरण आपल्या परिसंवादांतून सर्रास ऐकू येते. सीआरपी हिरड्यांच्या विकाराने वाढतो, सर्दीतापाने, त्वचेवरील गळवाने, धूम्रपानाने आणि इस्ट्रोजेनच्या गोळ्यांनीही वाढतो. रुग्णाची जिव्हा निर्लिप्त, मलप्रवृत्ती साम्य असलेली, अंगाला गौरव नाही, आणि केवळ कागदावरचा आकडा पाहून पाचनाची औषधे सुरू करायची, याला परीक्षा म्हणता येत नाही. आमाची लक्षणे रुग्णात पाहावीत. सीआरपी प्रयोगशाळेत पाहावा. दोन्ही एकत्र आढळले तर उत्तमच.

कमी आहाराने तो उतरतो काय?

उतरतो. नेपल्स येथील एस्पोसिटो व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये १२० स्थूल स्त्रियांचा दोन वर्षे अभ्यास केला. ज्यांना कमी उष्मांकाचा, भूमध्यसागरी पद्धतीचा आहार व व्यायाम यांचे सविस्तर मार्गदर्शन मिळाले, त्यांचे वजन, इंटरल्यूकिन-६ व सीआरपी हे तिन्ही दुसऱ्या गटापेक्षा अधिक घटले. २००४ मध्ये याच गटाने मेटाबॉलिक सिंड्रोमच्या १८० रुग्णांवरील काम प्रसिद्ध केले. धान्य सालीसकट, भाज्या, फळे, अक्रोड व ऑलिव्ह तेल असा आहार घेणाऱ्या ९० जणांपैकी दोन वर्षांनंतर ४० जणांत सिंड्रोम शिल्लक होता, तर तुलनेच्या ९० पैकी ७८ जणांत. वजनातील घट सरासरी चार किलोच होती. म्हणजे किती खाल्ले याबरोबर काय खाल्ले यालाही वाटा द्यावा लागतो.

घट किती अपेक्षावी? २००७ मध्ये अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण झाले, त्यात दर एक किलो वजन घटल्यास सीआरपी सरासरी ०.१३ मि.ग्रॅ. प्रति लिटर कमी होतो असे निघाले. हा आकडा दवाखान्याच्या भिंतीवर लावावा इतका उपयोगी आहे. सीआरपी ४ असलेल्या रुग्णाने ८ किलो वजन घटवले, तर सरासरी हिशेबाने तो ३ च्या आसपास येईल. आठ दिवसांत ४ चा १ झाला असे कोणी सांगितले, तर बहुधा पहिली तपासणी सर्दीत झालेली असते, किंवा मधल्या काळात कुणीतरी स्टॅटिन सुरू केलेले असते. स्टॅटिन गटातील औषधे सीआरपी स्वतंत्रपणे उतरवतात, हे विसरून त्याचे श्रेय काढ्याला देऊ नये.

आणखी एक बाब. २०१० मध्ये उंदरांवरील प्रयोगात असे दिसले की उष्मांक तोडल्यावर पहिल्या काही दिवसांत मेदधातूतील मॅक्रोफेज कमी होण्याऐवजी वाढतात, कारण मेद विरघळून बाहेर पडत असतो. पुढे ते उतरतात. माणसात हे जसेच्या तसे घडते असे गृहीत धरू नये. तरीही आहार सुरू केल्यावर दोन आठवड्यांत सीआरपी पुन्हा तपासण्याची घाई व्यर्थ आहे. आरंभी दोन आठवड्यांच्या अंतराने दोन तपासण्या कराव्यात व सरासरी धरावी. १० च्या वर आकडा आल्यास संसर्ग शोधावा व तो शमल्यावर पुन्हा पाहावे. त्यानंतरची तपासणी तीन महिन्यांनी पुरते. १ च्या आत, १ ते ३, आणि ३ च्या वर ही विभागणी हृद्रोगाच्या संभवाची आहे. आपल्या औषधाच्या यशापयशाची ती फूटपट्टी म्हणून तयार झालेली नाही.

लघु आहार आणि अल्प उष्मांक

माझ्या मते चिकित्सेत सर्वांत मोठा घोटाळा येथे होतो. 'लघु आहार घ्या' असे आपण लिहितो. रुग्ण सकाळी चुरमुरे खातो, दुपारी मऊ भात व वरणाचे पाणी, संध्याकाळी लाह्या, आणि एकादशीला साबुदाणा. हे सर्व पचायला हलके आहे, असे त्याला व घरच्यांना वाटते. दोन तासांत भूक लागते, मग बिस्किटे येतात. महिन्याअखेर वजन तेवढेच.

उष्मांक हे पदार्थ जाळल्यावर निघणाऱ्या उष्णतेचे माप आहे. लघुत्व-गुरुत्व हा अग्नीशी असलेला संबंध आहे. दोन्ही माप्ये निरनिराळी आहेत आणि एकाचे दुसऱ्यात रूपांतर होत नाही. चरकांनी अष्टौनिंदितीय अध्यायात स्थूलाची संप्राप्ती सांगताना म्हटले आहे की मेदाने स्रोतसे अडल्यामुळे वायू कोष्ठातच फिरतो व अग्नीला फुंकर घालत राहतो; म्हणून तो लवकर पचवतो व पुन्हा मागतो. अशा रुग्णाला लघु अन्न देणे म्हणजे भडकलेल्या चुलीत पाचोळा टाकणे. त्यासाठीच तेथे गुरू आणि तरीही अपतर्पण करणारे द्रव्य सुचवले आहे. टीकाकार चक्रपाणींनी उदाहरण मधाचे दिले: गुरू असल्याने अग्नीला गुंतवतो, रूक्ष असल्याने मेद वाढवत नाही. येथेही विवेक हवाच. वीस ग्रॅमचा एक मोठा चमचा मध सुमारे ६० उष्मांक देतो व त्यातील बहुतांश भाग साखरच असते. मधुमेह प्रस्थापित झालेल्या रुग्णाला दिवसातून तीनदा मधपाणी लिहून देणे मला मान्य नाही.

त्याच अध्यायातील धान्यांची यादी मात्र आपल्या मराठी स्वयंपाकघराला फार जवळची आहे. यव, श्यामाक, कोद्रव, मूग, कुळीथ, आढकी म्हणजे तूर, पटोल, आमलकी. आणि जूर्णाह्व, ज्याचा अर्थ बहुतेक अभ्यासक ज्वारी असाच करतात. ज्वारीची भाकरी, कुळथाचे पिठले, पालेभाजी आणि ताक हे जेवण 'गुरू-अपतर्पण' या सूत्राचे चालतेबोलते उदाहरण आहे. ते चावावे लागते, पोटात टिकते, आणि मेदाला फारसे काही देत नाही.

हिशेब मांडून पाहू. ७५ ग्रॅम साबुदाणा, २५ ग्रॅम दाण्याचे कूट व एक मोठा चमचा तूप यांची खिचडी सुमारे ५४० उष्मांकांची होते; प्रथिने जेमतेम सहा ग्रॅम, तीही दाण्यांतून आलेली. याउलट ६० ग्रॅम पिठाच्या दोन लहान भाकऱ्या, ४० ग्रॅम कोरड्या कडधान्याची उसळ, वाटीभर पालेभाजी, चहाचा एक चमचा तेल व पेलाभर पातळ ताक हे सर्व मिळून ४७० च्या आसपास जाते आणि प्रथिने १८ ग्रॅमपर्यंत मिळतात. असे दोन वेळचे जेवण, सकाळी ४० ग्रॅम मुगाची धिरडी व संध्याकाळी मूठभर फुटाणे धरले तर दिवसाचे १२०० उष्मांक व ५० ग्रॅम प्रथिने होतात. उपवासाच्या दिवशी रुग्णाचे उष्मांक वाढतात, हे त्याला कागदावर आकडे मांडून दाखवावे. रागावण्यापेक्षा त्याचा परिणाम अधिक होतो. उपवास सोडायला सांगू नये. राजगिरा, वरई, ताक, काकडी, फळ अशी मांडणी बदलून द्यावी.

स्त्रियांसाठी १२०० ते १५०० आणि पुरुषांसाठी १५०० ते १८०० उष्मांक ही बहुतेकांना झेपणारी मर्यादा आहे. त्या मर्यादेत प्रथिने मात्र घटवू नयेत. २०२० च्या भारतीय शिफारशीत निरोगी प्रौढासाठी वजनाच्या दर किलोस ०.८३ ग्रॅम प्रथिने सांगितली आहेत. उष्मांक तोडताना ती योग्य वजनाच्या दर किलोस एक ग्रॅमपर्यंत न्यावीत. शाकाहारी रुग्णाला त्यासाठी घरचे कमी स्निग्धांशाचे पनीर किंवा जादा डाळ आणि मांसाहारी रुग्णाला अंडे अथवा मासे जोडून द्यावे लागतात. मूत्रपिंड बिघडलेल्या रुग्णाचा हिशेब वेगळा आहे. त्याचे क्रिएटिनिन पाहिल्याशिवाय प्रथिने वाढवू नयेत.

बलपरीक्षा आणि धोके

चरकांनी विमानस्थानात अपतर्पणाचे लंघन, लंघन-पाचन व दोषावसेचन असे तीन प्रकार अल्प, मध्य व बहुदोषासाठी सांगितले. तिन्ही ठिकाणी रुग्णाचे बल गृहीत आहे. बल पाहण्याची एक सोपी रीत म्हणजे खुर्चीवरून हातांचा आधार न घेता पाच वेळा उठवून बसवणे. बारा सेकंद किंवा त्याहून अधिक लागले, तर हा रुग्ण कृश-दुर्बलाच्या बाजूचा समजून उष्मांक कमी तोडावेत आणि मांसबल वाढवणारा व्यायाम आधी सुरू करावा. नुसते चालणे पुरत नाही. उठाबशा, भिंतीला टेकून दंड, जिन्याच्या पायऱ्या असे काही असावे.

अतिअल्प उष्मांकाच्या आहाराची आज बरीच चर्चा आहे. ब्रिटनमधील 'डायरेक्ट' या अभ्यासात ३०६ मधुमेही रुग्णांपैकी निम्म्यांना तीन ते पाच महिने रोज ८२५ ते ८५३ उष्मांकांचे तयार पेय दिले गेले. २०१७ अखेर प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वर्षानंतर त्यांच्यातील ४६ टक्के रुग्ण औषधाविना सामान्य साखरेच्या मर्यादेत आले. तुलनेच्या गटात हे प्रमाण ४ टक्के होते. ही बातमी रुग्णांपर्यंत पोहोचते, पण त्यातील तीन गोष्टी पोहोचत नाहीत. इन्सुलिन घेणारे रुग्ण त्यात नव्हते. मधुमेहाची व रक्तदाबाची औषधे पहिल्याच दिवशी देखरेखीखाली थांबवली होती. आणि त्या पेयात सर्व सूक्ष्म पोषकद्रव्ये मोजून घातलेली होती. घरी दोन फळे व लिंबूपाणी यांवर राहणे म्हणजे तो आहार नव्हे. अमेरिकेत १९७० च्या दशकात निकृष्ट प्रथिनाच्या द्रव आहाराने वजन घटवणाऱ्यांत अचानक मृत्यू झाले; त्यांतील सतरांचा सविस्तर अभ्यास पुढे प्रसिद्ध झाला. हृदयाची गती बिघडून ते गेले होते.

आपल्या दवाखान्यात धोका बहुधा औषधांच्या बाजूने येतो. रुग्ण ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड घेत असतो, आपण आहार निम्म्यावर आणतो, आणि तिसऱ्या दिवशी त्याला दरदरून घाम येऊन चक्कर येते. इन्सुलिनबाबत तर सांगावयास नको. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटाची औषधे २०२० नंतर स्वस्त झाल्याने फार पसरली आहेत. ती चालू असताना कडक उपवास केला तर रक्तातील साखर फारशी न वाढताही कीटोन वाढून अत्यवस्थता येऊ शकते. मळमळ, पोटदुखी, धाप ही लक्षणे अजीर्णाची समजून शंखवटी देत बसू नये. त्वरित रुग्णालयात पाठवावे. रक्तदाबाच्या व मूत्रल गोळ्यांमुळे उभे राहताच अंधारी येते. आठवड्याला दीड किलोहून वेगाने वजन उतरले तर पित्ताशयात खडे होण्याचा संभव वाढतो, आणि वातरक्ताच्या रुग्णात कडक उपवासाने वेग उद्भवतो. म्हणून आहाराचा कागद देण्यापूर्वी रुग्णाच्या गोळ्यांची यादी मागावी, मूळ चिकित्सकाला चिठ्ठी लिहावी, मात्रा त्यांच्याकडून कमी करून घ्यावी व मगच आरंभ करावा. ही चिठ्ठी लिहिण्यात कमीपणा वाटण्याचे काही कारण नाही.

शोधनाबद्दल थोडे. विरेचनानंतर तीन-चार किलो वजन उतरल्याचे आपण अभिमानाने सांगतो. त्यातील बराच भाग जल व मल यांचा असतो. पेया-विलेपीचा संसर्जनक्रम हा स्वतःच तीन ते सात दिवसांचा अल्पाहार असतो, त्याचाही वाटा धरावा. बहुदोषी रुग्णात शोधनाला पर्याय नाही असे मी मानतो. परंतु शोधनाने मिळालेली संधी पुढील सहा महिन्यांच्या आहाराने टिकवली नाही, तर दोष पुन्हा भरतात.

औषधालय चालवणाऱ्यांसाठी

वजन घटवणाऱ्या चूर्णांची व 'आतली सूज' उतरवणाऱ्या गोळ्यांची मागणी दुकानात वाढती आहे. गुग्गुळाबद्दल आपली श्रद्धा आहे, माझीही आहे. पण २००३ मध्ये अमेरिकेत १०३ जणांवर आठ आठवडे झालेल्या गुग्गुलिपिडच्या चाचणीत एलडीएल कमी न होता चारपाच टक्क्यांनी वाढले व काहींना त्वचेवर पुरळ उठले. तेथील रुग्ण, आहार व शोधित अर्क वेगळे होते, हा मुद्दा योग्य आहे. परंतु त्यावरून आहार न बदलता गुग्गुळ द्यावा असे कोणी सिद्ध केलेले नाही. पर्णास बांधलेल्या, घटकद्रव्ये व परवाना क्रमांक नसलेल्या 'वनौषधी' पुड्या ठेवू नयेत. २०१० मध्ये युरोप-अमेरिकेतून व २०११ मध्ये भारतातून हद्दपार झालेले सिब्युट्रामीन अशा मालात मिसळलेले वारंवार सापडले आहे. ते रक्तदाब व हृद्गती वाढवते, म्हणजे नेमका याच रुग्णाला घातक. आणि १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरात कायद्याच्या अनुसूचीत मधुमेह व स्थूलता हे दोन्ही विकार आहेत. दुकानाच्या काचेवर 'हमखास गुण' असा फलक लावणे हा गुन्हा ठरतो.

ऋतू

वजनाच्या सात ते दहा टक्के घट साधली की अपतर्पण आवरते घ्यावे. दर आठवड्याला शंभर-दीडशे उष्मांक वाढवत, वजन जेथे स्थिर राहते तेथे थांबावे. वाढ करताना भात व साखर परत आणण्याऐवजी डाळ, दूध व थोडे तूप वाढवावे. आरंभ केव्हा करावा यालाही महत्त्व आहे. चरकांनी लंघनबृंहणीय अध्यायात प्रमेही व त्वग्दोषी रुग्णांस शिशिरात लंघन प्रशस्त मानले, कारण तेव्हा बल चांगले असते. आपल्याकडे उपवासांची झुंबड उडते ती श्रावणात, म्हणजे अग्नी व बल दोन्ही मंद असताना. श्रावणात येणाऱ्या रुग्णाला त्यामुळे मी फक्त आहाराची मांडणी बदलून देतो, गोळ्यांची यादी व कमरेचे माप नोंदवून ठेवतो, आणि उष्मांक तोडण्यासाठी जानेवारीतील तारीख लिहून देतो.